मी गाळलेला परिच्छेद

भरल्या चर्चमध्ये, सगळ्यांसमोर, मी पप्पांना फसवलं होतं.

पप्पा आज सकाळी गेले. आता सांगायला हरकत नाही.

सकाळपासून ग्रुपवर मेसेज फिरतोय, "निवृत्त पाळकांचे निधन." पाळक तर ते होतेच. पण पप्पा आमच्या डायसिसचे, म्हणजे बिशपांच्या धर्मप्रांताचे, शेवटचे आर्चडीकन होते, आणि ते कुणी लिहिलेलं नाही, म्हणून मला राग आलाय.

हे काय असतं ते सोप्यात सांगते. बिशप सगळ्यात वर. त्यांच्या खालोखाल आर्चडीकन. चर्चच्या इमारती, पाळकांच्या बदल्या, मंडळीतली भांडणं, सगळं त्यांच्या गळ्यात. आणि नव्या बिशपांना हाताला धरून खुर्चीवर बसवायचा मानही त्यांचाच.

पाळक झगा घालतात त्या खोलीत एक लाकडी फळा होता. त्यावर सगळ्या आर्चडीकनची नावं. आधी ओळीने इंग्रज साहेब. मग आपली माणसं. सगळ्यात खाली पप्पा.

इतर पोरं पाढे म्हणायची, मी ती नावं म्हणायचे. चुकले तर परत पहिल्यापासून!

शेजारी डीन आणि कॅनन या जुन्या हुद्द्यांचेही रकाने होते. त्या जागा केव्हाच भरायच्या बंद झाल्या होत्या. पप्पा म्हणायचे, "आता मी एकटाच उरलोय या फळ्यावर."

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नवे बिशप यायचे होते आणि त्यांच्यावरून डायसिसमध्ये सरळ दोन तट पडलेले. कोर्टात जायची भाषा चाललेली. त्यांना खुर्चीवर बसवायच्या दिवशी मालेगाव, इगतपुरीहून जीप भरभरून माणसं आली. चर्चसमोर शरणपूर रोडला पोलिसांची गाडी उभी.

आमच्याकडे रीत अशी. नवे बिशप बंद दारावर आपल्या काठीने तीनदा ठोकतात. आत आर्चडीकन नेमणुकीचं सीलबंद पत्र फोडतात, मोठ्याने वाचतात आणि मगच कडी काढतात. पत्रातलं जे दारात वाचलं नाही, ते लागू नाही.

हे मला पप्पांनीच संडे स्कूलमध्ये शिकवलेलं.

पप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. ऑपरेशन पुढे ढकललेलं. म्हणून मी शेजारी उभी राहून हळू वाचायचं आणि पप्पांनी ते खड्या आवाजात सांगायचं, असं ठरलं.

ठक. ठक. ठक.

बाहेर कुणीतरी ओरडत होतं, "उघडा की! किती वेळ?"

मी सील फोडलं. पहिलं पान नीट झालं. दुसरं पान उलटलं आणि पुढचं आधी मनातच वाचलं.

नवे बिशप खुर्चीवर बसतील त्या क्षणापासून आर्चडीकन हे पद रद्द. बंगला तीन महिन्यांत रिकामा करावा.

मम्मी दुसऱ्या बाकावर बसली होती. नवी साडी, मांडीवर पर्स. आम्ही राहायचो त्या आर्चडीकनच्या बंगल्यामागे तिने स्वतः लावलेला पेरू होता.

मी तो परिच्छेद गाळला. सरळ खालच्या सह्यांवर आले.

पप्पांनी सह्यांची नावं सांगितली. मग हळूच विचारलं,

"ग्रेसी, संपलं?"

"हो पप्पा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तसंही मी त्यांना धूसरच दिसले असते.

मग ते मंडळीकडे वळले आणि म्हणाले, "अजून एक परिच्छेद आहे."

आणि मी गाळलेला शब्द न् शब्द त्यांनी तोंडपाठ सांगितला. पद रद्द. तीन महिने. बंगला. त्याच आवाजात, ज्या आवाजात ते दर रविवारी सूचना द्यायचे.

मागून इगतपुरीचे शांतवनकाका उठले. "साहेब, कडी काढू नका! आमी सगळे हाय ना!"

अर्धं चर्च उभं राहिलं. कुणीतरी बाक ढकलला. पप्पांनी नुसतं "नाही" म्हटलं असतं ना, तर त्या दिवशी चर्चचे दोन तुकडे झाले असते. मला तेव्हा ते झालेलं चाललं असतं. खरं सांगते.

पप्पा म्हणाले, "शांतवन, खाली बस. दारात पाहुणा उभा आहे."

आणि कडी काढली.

बिशपांचा हात धरून पप्पांनी त्यांना खुर्चीपर्यंत नेलं. बसवलं. दाराची किल्ली त्यांच्या हातात दिली. मग खाली येऊन दुसऱ्या बाकाशी उभे राहिले. मम्मीने पर्स उचलली आणि सरकून जागा केली.

घरी मी तडकले. "तुम्हाला माहीत होतं?"

"आठ दिवसांपूर्वी नवे बिशप स्वतः येऊन पत्राची प्रत वाचून दाखवून गेले. तूच चहा दिलास त्यांना."

"मग माझ्याकडून कशाला वाचून घेतलंत?"

"मोतीबिंदू मला झालाय. तुला नाही."

बास. पुन्हा तो विषय त्यांनी कधी काढला नाही. एकदाही नाही.

दुसऱ्या दिवशी पेंटरला बोलावून त्यांनी फळ्यावर स्वतःच्या नावापुढे शेवटचं साल घालून घेतलं. खाली एक आडवी रेघ. म्हणाले, "मोकळी जागा दिसली की कुणाला तरी हाव सुटते."

मग आम्ही गंगापूर रोडच्या दोन खोल्यांत आलो. मम्मीने कुंडीत पेरू लावला. तो काही लागला नाही.

मी माफी मागायची राहूनच गेली. आज मागू, उद्या मागू करत इतकी वर्षं गेली.

उद्या चर्चमध्ये त्यांचा जीवनवृत्तांत मी वाचणार आहे. मघाशी कमिटीतून फोन आला होता. "ताई, ते पद रद्द झाल्याचं गाळलं तर? उगाच जुनं कशाला?"

मी नाही म्हणाले.

पप्पा, उद्या एकही ओळ गाळणार नाही.

सलाम.