बॅटरीच्या पाण्यातली माय

चहा गरम आहे तोवर ऐकून घ्या, गार झाल्यावर मला हे सांगायचा धीर व्हायचा नाही. अहो, मी चांगलं करायला गेले! आणि चांगल्या धडधाकट माणसाला यमाच्या ओट्यावर नेऊन बसवलं. कशानं? वाळ्यानं!

आमच्या शेजारी नाना आणि अक्का राहतात. नानांचं गाव पाचोऱ्याकडचं, गिरणेच्या काठावरचं. नोकरी सगळी वरणगावला झाली, रिटायर झाल्यावर जळगावात घर बांधलं; पण बोलणं अजून गावाकडचंच. आणि घोरणं? आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर हलायचं! पण खरी भीती घोरण्याची नव्हती. घोरता घोरता मध्येच सगळं गप्प व्हायचं. श्वासच थांबायचा. मी भिंतीला कान लावून… म्हणजे कान काही लावायचे नाही, आपोआपच ऐकू यायचं.

मग डॉक्टरांनी यंत्र दिलं. उशाशी एक डबा, त्यातून लांब नळी, नळीच्या टोकाला नाकावर बसणारा मास्क. रात्रभर हवा फुंकतं, श्वास थांबू देत नाही. हवा कोरडी लागू नये म्हणून डब्यात पाण्याची एक डबी. काही वर्षं झाली त्याला. अक्कानं ते यंत्र असं सांभाळलंय, की लेकरंसुद्धा इतकी धुऊनपुसून ठेवली नसतील.

तर यंदा चैत्र सरता सरता अक्काला धुळ्याला जावं लागलं. लेक पोटुशी, डॉक्टरांनी तिला पलंगावरून हलायला बंदी केलेली. आणि नाना म्हणजे कसे, आयुष्यात स्वतःचा चहा कधी गाळून घेतला नाही! यंत्र कोण बघणार?

‘मी आहे ना!’ मी म्हटलं. कोणी विचारायच्या आत म्हटलं. माझं तसंच असतं.

अक्कानं बसवून शिकवलं. सकाळी मास्क साध्या साबणानं कोमट पाण्यात धुवायचा, सावलीत वाळवायचा. डबीतलं शिळं पाणी ओतायचं, डबी धुवायची. नळी दर रविवारी. मागचा फिल्टर काळवंडला की बदलायचा. आणि डबीत नळाचं पाणी नाही घालायचं, क्षार धरतात; दुकानातून आणलेलं डिस्टिल्ड पाणीच घालायचं.

‘त्यात दुसरं काही म्हणजे काहीच नको हं,’ अक्का म्हणाली.

मी कॅन बघितला आणि चरकलेच. अहो, आमच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत ओततो तेच पाणी! माणसाच्या नाकात बॅटरीचं पाणी? ना चव, ना वास, ना जीव! बाहेर जळगावचं ऊन, कावळे सावली शोधतायत, आणि नाना रात्रभर हे निर्जीव वारं ओढणार?

आमच्याकडे उन्हाळ्यात माठात वाळा, कूलरच्या गवतात वाळा, आंघोळीच्या बादलीतसुद्धा वाळा. मी एक छोटी जुडी घेतली, दोऱ्यानं बांधली आणि डबीत सोडली. आता तुम्ही म्हणाल, अक्कानं सांगितलं होतं ना, दुसरं काही नको? पण वाळा म्हणजे दुसरं का? वाळा म्हणजे पाण्याचाच भाऊ की!

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन गेले, तर नाना ओट्यावर बसलेले. डोळे उघडे, पण बघणं कुठंतरी लांब.

‘बहीण,’ म्हणाले, ‘आज मनी माय ऊनी व्हती सपनमा.’

मी तिथंच बसले. मेलेली माय स्वप्नात आली?

गिरणेचं पात्र होतं म्हणे. वाळूवर डांगरांच्या, म्हणजे खरबुजांच्या वाड्या, वेलींवर दव. पाणी इतकं संथ, की वाहतंय का झोपलंय कळू नये. आणि माय पाण्यातून चालत येतेय. कमरेवर घागर, केस ओले, लुगड्याचा काठ पाण्यावर तरंगतोय. बोलली काही नाही, नुसती हसली. आणि सगळीकडे वास भरून राहिलेला.

‘कसला वास, नाना?’

‘घागरना. अखजीनी घागर ऱ्हास ना, तिना.’

आता तुम्ही आपल्या खान्देशातले असाल तर तुम्हाला सांगायला नको. नसाल तर सांगते. अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आम्ही पितरांच्या नावानं पाण्यानं भरलेली घागर पुजतो. त्या पाण्यात काय घालतात? वाळा!

तुमच्या डोक्यात लख्ख उजेड पडला ना? माझ्या नाही पडला. अहो, घरभर वाळा! माझ्या नाकाला तो वास उरलाच नव्हता. माझ्या अंगावर तर काटा आला. अखजी तोंडावर, आणि माय घागर घेऊन दारात!

मग काय, रोज सकाळी मी चहा घेऊन हजर; सपनाच्या नादात डबी धुवायची राहूनच जायची, वरून पाणी तेवढं ओतायचे. आणि रोज सपन लांबत चाललेलं. एके दिवशी मायच्या मागे मेलेला खिल्लारी बैल आला, शिंगांना चांदणं लागलेलं. एके दिवशी नदीवर झोका टांगला होता, तोही कुठल्या फांदीला नाही, नुसत्या आभाळाला. नाना डोळे मिटून सांगायचे, आणि खरं सांगते, ऐकता ऐकता माझ्या पायांना पाणी लागायचं. घरी येऊन पोळ्या लाटायचे तर पोळपाटसुद्धा नदीसारखा हलल्यासारखा वाटायचा. आमचे हे म्हणाले, ‘पोळी करपतेय.’ मी म्हटलं, ‘करपू द्या, माय झोक्यावर आहे!’

मी हे माझ्यापुरतंच ठेवलं असतं. पण कॉलनीतल्या बायकांना कोण सांगणार? दोन दिवसांत नानांच्या ओट्यावर चटई अंथरावी लागली.

आणि मग ते झालं. एका सकाळी नाना म्हणाले, ‘आज मायनी हात पुढे करा. म्हने, चाल रे बाबू, ऊन व्हई जाई.’

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी काय ज्योतिषी आहे का? पण बघितलंच होतं सगळ्यांनी, तर काहीतरी बोलायला नको?

‘मेलेलं माणूस नुसतं दिसलं तर बरं असतं,’ मी म्हटलं. ‘पण हात पुढे करून चल म्हणालं, म्हणजे…’

‘म्हंजे काय व बहीण? माय बलावस का माले?’

मी गप्प बसले. आयुष्यात एकदाच गप्प बसले, तेही नको तेव्हा!

त्या दिवसापासून नानांचा नूरच पालटला. भीती नाही हो, उलट अगदी शांत झाले. सायकल दूधवाल्याला देऊन टाकली. हातातलं घड्याळ आमच्या ह्यांना. दुपारीसुद्धा मास्क लावून पडायला लागले, मायला ताटकळत ठेवायला नको म्हणून! जेवायचे चार घास. मला धडकीच भरली. मी धुळ्याला फोन केला.

‘अक्का, ताबडतोब निघ. नानांना बोलावणं आलंय.’

‘कोणाचं?’

‘वरचं!’

पलीकडे फोन स्पीकरवर असावा. मग एकदम लेकीचं रडणं ऐकू आलं. त्या पोरीला हलायची बंदी, आणि तिची आई उठून निघाली! लेकीला सासूच्या हवाली करून अक्का मिळेल त्या एस्टीत बसली.

दुपारी ती दारात उभी राहिली, तेव्हा खोलीत अर्धी कॉलनी होती. पडदे ओढलेले, यंत्र मंद घुमतंय, नाना मास्क लावून झोपलेले. चेहऱ्यावर असं हसू, जणू पाय नदीत सोडून बसलेत. मी उशाशी गंगाजलाची लोटी घेऊन.

अक्का रडली नाही. दारातच थांबली. नाक वर केलं. एकदा हुंगलं, पुन्हा हुंगलं. मग सरळ यंत्राकडे गेली, ते बंद केलं, डबी ओढून काढली.

आत काळ्या चहासारखं पाणी. त्यात फुगून बसलेली वाळ्याची जुडी, हाताला बुळबुळीत.

‘हाई काय शे?’

तिनं जुडी सगळ्यांसमोर धरली.

‘कोनी टाकं हाई?’

अर्ध्या कॉलनीची मान एका दमात माझ्याकडे वळली. त्याच बायका हो! सकाळपर्यंत माझ्या शब्दावर डोळे पुसत होत्या!

‘मी… नानांना गारवा म्हणून…’

‘व माय! त्यासनी छातीमा बुरशी गयी असती मंग?’

लगोलग रिक्षा करून दवाखाना. मी मागच्या रिक्षात, लोटी हातातच. डॉक्टरांनी छाती तपासली, फोटो काढला, मग म्हणाले, ‘छाती स्वच्छ आहे. पण डबी, नळी, फिल्टर सगळं नवं घ्या. आणि हा प्रयोग कोणी केला?’ मी लोटीत बघत बसले. यम परत गेला एकदाचा.

खरी पंचाईत घरी आल्यावर झाली. अक्कानं नानांना सगळं सांगितलं. नानांनी ती जुडी हातात घेतली, हुंगली. मग लहान पोरासारखं विचारलं, ‘म्हंजे मनी माय नही ऊनी व्हती?’

मला धरणी पोटात घेईल तर बरं वाटलं. मरणाची भीती घातली ते वेगळं. आता म्हाताऱ्याची मायसुद्धा मीच हिरावून घेतली!

अक्का त्यांच्याजवळ बसली. ‘वास वाळाना व्हता,’ म्हणाली. ‘माय तुमनीच व्हती.’

नानांनी मान हलवली. मग म्हणाले, ‘भूक लागनी.’ माझ्या जिवात जीव आला.

अखजीला दोघांनी मिळून मायच्या नावाची घागर भरली, आणि दुसऱ्या दिवशी अक्का पुन्हा धुळ्याला गेली. पण जाण्याआधी तिनं नानांनाच सगळं शिकवलं. आता नाना स्वतः मास्क धुतात, सावलीत वाळवतात, पाणी बदलतात, डबी उन्हाकडे धरून तपासतात. परवा तर स्वतः गाळलेला चहा मला पाजला! धुळ्याला नातू झाला, बाळ-बाळंतीण सुखरूप. मी सकाळी जाते, पण हात मागे बांधून. सपनाचं तर नावच काढत नाही.

काल मात्र नाना माझ्याकडे बघून गालात हसत होते. मग मला कुठलं राहवतंय?

‘काय नाना, आली होती का माय?’

‘नही व. आज सपनमा तूच ऊनी व्हती.’

काय सांगू, माझा ऊर भरून आला! मायच्या नदीवर मी! मी पदर सावरला, पुढे सरकून बसले.

‘हो का? मग मी काय करत होते?’

‘काय करशी? यंत्रनं झाकन उघाडीसन देखी ऱ्हायनी व्हती. दचकीसन उठनू मी!’