शकूरभाईंची झिलई

एकदा भाजून निघालेलं कोरं भांडं हातात आलं की शकूरभाई आधी त्याला जीभ लावत. जीभ चिकटली, तरच ते झिलईच्या टाक्यात बुडवायचं. कुणी हसलं की म्हणत, "मातीले तहान नसन तं रंग कायले पिईन थे?"

चंद्रपूरबाहेरच्या त्या मातीकामाच्या कारखान्यात मी व्यवस्थापक म्हणून लागलो, तेव्हा त्यांचं निम्मं आयुष्य तिथे गेलं होतं. त्यांचे वडील लोणच्याच्या तपकिरी बरण्या करत. प्लॅस्टिक आलं, बरण्या खपेनात, तेव्हा शकूरभाई फुलदाण्या आणि नक्षीच्या कुंड्यांकडे वळले. तांब्याची भुकटी कमीजास्त मिसळून त्यांनी एक हिरवा रंग साधला होता, रोवणी होऊन पंधरवडा झालेल्या धानाचा. नागभीडकडच्या धानाच्या बांध्या, म्हणजे शेतं, पाहिलेला माणूस तो लगेच ओळखे.

भट्टी विझल्यावर दोन दिवस दार उघडायचं नाही, हा त्यांचा नियम. दाराच्या विटांना गाल लावून ते आतल्या उष्णतेचा अंदाज घेत. मी घाई केली की म्हणत, "बाळंतीन हाये थे, साहेब. तिले वारा नोका लागू देऊ."

ते भाचीच्या लग्नाला गेले असताना आलापल्लीच्या एका विश्रामगृहाच्या कुंड्या भट्टीत होत्या. गिऱ्हाईक पाहायला येणार होतं. सुट्टीच्या दिवशी, एकट्याने, मी एक दिवस आधीच दार उघडलं. गार हवा आत शिरली आणि टिणटिण आवाज सुरू झाला. निम्म्याहून जास्त कुंड्या तडकल्या. मालकांनी विचारलं, तेव्हा मी म्हणालो, झिलई बिघडलेली दिसते. दाराचं बोललो नाही.

शकूरभाई परतले. एक खापर उचलून त्यांनी त्याची कड पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं, आणि खापर ठेवून दिलं. महिन्याभरात तयार झिलई बाहेरून येऊ लागली. ते पोंभुर्ण्याला पुतण्याच्या सायकलदुकानात जाऊन बसू लागले. मीही पुढे दुसरी नोकरी धरली.

त्यांच्यासमोर तोंड उघडायला मला अकरा वर्षं लागली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, माझ्यासाठी चहा सांगितला.

"झिलईची चूक असन तं वरवर जाळी पडते," ते म्हणाले. "थे तं आरपार तडकले होते. मले त्याच दिवशी समजलं."

"मग तुम्ही बोलले काऊन नाई?"

"तुमी बोलसान म्हनून थांबलो होतो." मग चहा माझ्याकडे सरकवत, "आता मले सांगून काय फायदा? कारखान्यात जाऊन सांगा."

मी हो म्हणालो, आणि पुन्हा लांबवत राहिलो. रमजानमध्ये ते गेले. त्यांना माती देऊन आलो, आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेलो.

ओळखीचं कुणीच उरलं नव्हतं. भट्टी नुकतीच रिकामी झाली होती, आणि एक बाई माल निवडत बसली होती. तडा गेलेली कुंडी बाजूला सारत ती सोबतिणीला म्हणाली, "हे घे, आनखीन एक शकूर."

शकूर का म्हणता, मी विचारलं.

"बिघडल्या मालाले इथी शकूरच म्हनतेत. काऊन, थे नाई मालूम."

मी तिच्यासमोर बसलो आणि, शकूर हे एका माणसाचं नाव होतं, इथून सुरुवात केली.