पुढचे तीन दात

शिवणकाम करणाऱ्या बाईवर सगळं गाव संशय घेतं, वीतभर कापड मारलं म्हणून. मग मीच का मागं राहू? मलाही सगळ्यांचा संशय येतो. दूधवाल्याचा येतो, पिठाच्या गिरणीवाल्याचा येतो, आणि त्या वर्षी डॉक्टरचा आला.

डॉक्टर म्हणजे आमच्याच वस्तीतलं पोर. त्याची शाळेची खाकी चड्डी शिनोलीच्या माझ्या दुकानात शिवलेली. मला मावशी म्हणायचा. दातांचा डॉक्टर होऊन त्यानं घोडेगावला दवाखाना टाकला, तेव्हा विहारात वंदना झाली, पेढे वाटले, आणि दवाखान्याचा हिरवा पडदा मी शिवून दिला. आमच्यातला पहिला डॉक्टर, म्हणजे काय थोडं झालं! पण गावात अशीही माणसं होती, की दाढ ठणकत असली तरी त्याच्या पायऱ्या चढायच्या आधी दोनदा विचार करायची. का, ते कुणी बोलत नसे. कळायचं सगळ्यांना.

माझा पुढचा एक दात हापशाचा दांडा लागून गेला होता. डॉक्टरनं शेजारचे दोन घासले आणि तिन्हींचा मिळून एक ब्रिज, म्हणजे एकसंध खोट्या दातांचा जोड, वरून बसवला. आरशात बघितलं तर जुन्या दातांपेक्षा देखणा.

"मावशी, एक ध्यानात ठिवा. आता दोरा दातानं तोडायचा न्हाई. कात्री वापरायची."

"व्हय रे बाबा," मी म्हणाले. वीस वर्षं मशीनवर बसलेल्या बाईनं दर टाक्याला कात्री शोधायची, म्हणजे झालंच काम!

दोन वर्षांनी ब्रिज हलायला लागला. जीभ लावली की खालीवर व्हायचा. मग तोंडात खारट, घाण चव यायला लागली, हिरडीवर फोड आला. मिठाच्या गुळण्या केल्या, लवंग धरली. तिकडं डोक्यात किडा वळवळायला लागला. ब्रिज चिकटवायचं सिमेंट कमी घातलं असणार ह्यानं. मी त्याच्या पहिल्या पहिल्या पेशंटांतली. माझ्या तोंडावर हात साफ करून घेतला की पोरानं! पडदा फुकट शिवून दिला, त्याचं हे फळ.

त्याला जाऊन विचारायचं सोडून मी दुकानात बोलले. लगीनसराई होती, ब्लाऊजांचा ढीग पडलेला, बायका दिवसभर बसून असायच्या. एकीनं विचारलं, पोरीची दाढ किडलीय, त्याला दाखवू का?

"बघ बाई," मी म्हणाले, "मी काय म्हणत न्हाई. पण माझं काय झालंय ते बघ." ओठ वर केला आणि बोटानं ब्रिज हलवून दाखवला. अगं बाई बाई, करत चौघी वाकल्या. मी ओठ मिटला, हातातल्या ब्लाऊजचा दोरा दातानं टचकन तोडला आणि पुढचा हूक लावायला घेतला.

गोष्ट दुकानातून गावात गेली, गावातून पुढं गेली. ज्यांना निमित्त पाहिजे होतं त्यांना ते आयतंच मिळालं, तेही त्याच्या मावशीच्या तोंडून. हे मला तेव्हा कळलं नाही, असं मी म्हणणार नाही. कळलं होतं. पण एकदा डोकं फिरलं की माझं असंच होतं.

पावसाळ्यात एका सकाळी गाल सुजून डोळ्याला टेकला. त्याच्याकडं जायचंच नाही म्हणून मंचरला दुसऱ्या डॉक्टरकडं निघाले. घोडेगावच्या स्टँडवर गाडी बदलायची, तर पुढची गाडी तासाभरानं. ठणका असा, की खांबावर डोकं आपटावं वाटत होतं. शेवटी मुकाट्यानं त्याच्याच पायऱ्या चढले.

पूर्वी तिथल्या बाकावर टेकायला जागा मिळत नसे. त्या दिवशी बाक मोकळं होतं. मी एकटीच मधोमध बसले. पडदा मात्र धुतलेला, जिथल्या तिथं. आज बाजार नसंल, मी मनाला सांगितलं. बाजाराचाच दिवस होता.

"एवढं व्हईस्तवर बसला व्हय घरी?" तो म्हणाला. इंजेक्शन दिलं, ब्रिज काढला आणि ट्रेमध्ये माझ्यासमोर धरला. सिमेंटचं विचारायचं मी ठरवूनच बसले होते. पण ब्रिजच्या धारेवरचा पांढरा थर उडालेला, आणि तिथंच एक बारीक खाच पडलेली. दोरा बसेल एवढी.

"रोज हिथं हिसका बसून सैल झालाय," तो म्हणाला. "फटीतनं घाण आत गेली. खालचा दात किडला, मुळाशी पू झालाय." एवढंच. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते.

दात काढावा लागला. त्यानं कापसाचा बोळा दाबून बसवला. "अर्धा तास धरून ठिवा. बोलायचं न्हाई." मग माझ्याकडं पाठ करून हात धुवायला लागला. बराच वेळ धूत होता.

"मावशी, चार महिने झाले, लोक येईनात. आपली बी येईनात. माझं काय चुकतंय कळंना. तुमच्या दुकानात एवढ्या बायका येत्यात. काय कानावर आलं का?"

तो वळला. मी तोंडाकडं बोट दाखवलं आणि मान हलवली. नाही म्हणून.

अर्ध्या तासात काढायचा तो बोळा, मी शिनोलीत घरी पोचले तरी काढला नाही.