तळेऱ्यानंतर शेजारच्या सीटवर

मी ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. तोच प्रयोग दोनदा करून तोच निकाल आल्याशिवाय मी जर्नलवर सही करत नाही. असले अतर्क्य अनुभव कोणी सांगायला लागलं की मी आधी सांगणाऱ्याकडेच संशयाने बघते... तुम्हीही माझ्याकडे तसंच बघा, माझी हरकत नाही.

आम्ही राहतो आचऱ्याला आणि माझं कॉलेज वैभववाडीला. एसट्या बदलून जीव जायचा, म्हणून सेकंडहँड गाडी घ्यायचं ठरलं. माझ्या नवऱ्याचा, मिलिंदचा मित्र नंदू जुन्या गाड्यांची दलाली करतो. हप्ते थकले म्हणून फायनान्स कंपनीने ओढून आणलेली एक पांढरी गाडी त्याने आम्हाला लिलावात मिळवून दिली. गाडी चांगली होती, पण मूळ आरसी नाही, दुसरी चावी नाही, सर्व्हिसचं पुस्तकही नाही.

"वयनी, लिलावाच्या गाडयेचा असाच असता," नंदू म्हणाला. "कागद मागसून करू."

मला ते तेव्हाच खटकलं होतं. दुसरी चावी कोणाच्या तरी खिशात असणारच ना?

गाडी वापरायला लागल्यावर एक गोष्ट लक्षात आली. कॉलेजातून परत येताना वाटेतलं तळेरं गाव सोडलं की सीटबेल्टचा अलार्म वाजायला लागायचा. माझा नाही, शेजारच्या रिकाम्या सीटचा! सीटवर वजन पडलं की तो वाजतो, म्हणून मी पर्सही मागे टाकली, तरी वाजायचा. कणकवली आली, एका हॉस्पिटलचा कोपरा आला की आपोआप बंद. सकाळी जाताना मात्र काही नाही. मेकॅनिकने सीट काढून सेन्सर बदलला. दुसऱ्या दिवशी तळेऱ्यानंतर... पुन्हा टिंग टिंग.

मिलिंद म्हणाला, "रस्त्याला खड्डे आहेत गो, वायर हलत असेल." मग जातानाही तोच रस्ता, तेच खड्डे, तेव्हा का हलत नाही? मला वाटायला लागलं की नंदूने आमच्या गळ्यात काहीतरी बांधलंय. अपघाताची गाडी असेल, नाहीतर चोरीची.

कागदांशिवाय गाडी नावावर होईना. शेवटी मी नंदूच्या मागे लागून आधीच्या मालकाचं नाव काढून घेतलं. घर तळेऱ्यालाच निघालं! तेव्हा तर माझी खात्रीच पटली, की ही माणसं गाडीत काहीतरी करून बसली आहेत. आम्ही कंटाळून गाडी विकावी आणि यांनी स्वस्तात परत घ्यावी, असा डाव असणार.

शनिवारी कॉलेज सुटल्यावर दुपारी मी थेट त्यांच्या दारात गाडी उभी केली. घरातली सून बाहेर आली. वैशाली तिचं नाव. तिने आधी गाडीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "या ना मॅडम. कागद आहेत आमच्याकडे. फायनान्सच्या माणसांनी गाडी नेली तेव्हा आम्ही रागाने ठेवून घेतले होते. चुकलंच आमचं."

मी भांडायच्या तयारीने गेले होते आणि ती चहा ठेवायला निघाली.

तिने सांगितलं, की सासूला अर्धांगवायू झाला, तेव्हा तिला व्यायामासाठी कणकवलीच्या हॉस्पिटलात न्यायला म्हणून गाडी घेतली होती. दुपारी निघायचं, म्हातारी पुढच्या सीटवर. मग नवऱ्याची नोकरी गेली, गाडीही गेली. रिक्षात म्हातारीला बसता येत नाही, त्यामुळे व्यायाम बंद आणि ती कायमची खाटेवर.

"कोणतं हॉस्पिटल?" मी विचारलं. तिने तोच कोपरा सांगितला.

मी अलार्मबद्दल अवाक्षर काढलं नाही. अजूनही मला हे सगळं ठरवून चाललंय असंच वाटत होतं.

तेवढ्यात आतून हाक आली, "कोण गो इला? गाडीवाला चेडू काय?"

मला 'गाडीवाली मुलगी' म्हणणाऱ्या त्या आजी आत खाटेवर पडल्या होत्या. एक हात निर्जीव, पण डोळे लख्ख. मला बघून अनोळखी माणसाकडे बघावं तसं त्यांनी बघितलंच नाही.

"इलंस? बस. दाक्टराक दाखयलंस काय?"

"कसलं आजी?"

त्यांनी चांगला हात उचलून स्वतःच्या डाव्या काखेला लावला. "ती गाठ. घोवाक पण सांगूक नाय मा अजून?"

मी खाटेच्या कडेलाच बसले.

माझ्या डाव्या काखेत गाठ होती. मला ती अंघोळ करताना लागली होती आणि मी कोणालाच सांगितलं नव्हतं. मिलिंदला नाही, आईला नाही. फक्त त्याच आठवड्यात एकदा, नांदगावच्या अलीकडे, त्या अलार्मने डोकं उठलं तेव्हा मी गाडी कडेला घेऊन ओरडले होते — "बास कर! माझ्या काखेत गाठ आहे, मला भीती वाटतेय, कळतंय का?" आणि हमसून रडले होते. काचा बंद होत्या. मोबाइल त्या दिवशी घरीच विसरले होते. अलार्म तिथेच थांबला होता, कणकवलीच्या बऱ्याच आधी.

वैशाली दारात कप घेऊन उभी होती. तिचाही चेहरा उतरला होता. "आई असं काय विचारताय त्यांना?" ती म्हणाली. "मॅडम, मनावर घेऊ नका हो. त्या खाटेवरून उठत पण नाहीत."

घरी येऊन मी मिलिंदला सगळं सांगितलं. आधी गाठीचं, मग बाकीचं. तो पहिलं ऐकूनच उठला. तपासण्या झाल्या, ऑपरेशन झालं, पुढचे उपचारही झाले. "वेळेत आलात," असं डॉक्टर म्हणाले. आज मी पुन्हा वर्गात उभी राहून शिकवते आहे.

उपचार चालू असताना मिलिंदने गाडी पूर्ण उघडून घेतली. माइक नाही, छुपी वायर नाही, काही नाही. त्याचं म्हणणं एकच, "तू कुठेतरी बोलली असशील, आता आठवत नसेल." मी बोलले नव्हते. हे मला जितकं पक्कं माहीत आहे, तितकं दुसरं काहीच नाही. आणि तरीही, रात्ररात्र विचार करून मी अजून कोणावर तरी संशय घ्यायला जागा शोधत असते... सापडत नाही.

बरी झाल्यावर एकदा मी तळेऱ्याला गेले. वैशाली विहिरीवर होती, आत आम्ही दोघीच. मी आजींचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "आजी, खरं सांगा. तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या, जरा रागानेच.

"तूच सांगलंस मा! इतक्या मोठ्यान रडत होतंस... बाजूक बसान मी आयकलंय."