मामाचं पॉलिश मशीनशी भांडण

माझ्या मामाइतका यंत्रांशी भांडणारा माणूस अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात सापडायचा नाही. विजापूर रोडला त्याचं गाड्या पॉलिश करायचं दुकान आहे. एक मशीन इतकी जोरात फिरते की गाडीचा रंग तापतो, दुसरी इतकी थरथरते की नंतर मामाच्या हातातला चहा बशीत सांडतो, आणि तिसरीची फोमची चकती मध्येच सुटून समोरच्या पंक्चरवाल्याच्या टपरीत जाते. मामा लहानपणी मंद्रूपला मेंढरं राखायचा. बॉनेटवर मशीन चालवतानाही तो जिभेनं टकटक करत म्हणतो, "हुर्रर्र, तिकडं कुटं? हितं चल की!" मशीन ऐकत नाही. मग मला साक्षीला धरतो, "तू कालेजात शिकतीस न्हवं? सांग हिला!" आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, म्हणून त्याला वाटतं मशीन निदान माझं तरी ऐकेल.

पण त्या दिवशी चेष्टेचं काम नव्हतं. एका वकिलांची काळी गाडी आली होती आणि दुपारी तिच्यातूनच त्यांची मुलगी सासरी निघणार होती. मामानं पॉलिश केलं, पुसलं, गाडी उन्हात काढली. आपलं ऊन कुणाचं काही झाकून ठेवत नाही. बॉनेटभर बारीक गोल ओरखडे, कोळ्याच्या जाळ्यासारखे! "बघितलंस? डाव साधला हिनं!" मामा ओरडला. मशीन बदलली, पुन्हा पॉलिश, पुन्हा ओरखडे. तेवढ्यात वकील दारात. "अहो, तिकडं मांडवात सगळे खोळंबलेत!"

मी चाचरत म्हटलं, "मामा, पुसायच्या आधी मी टॉर्च मारून बघितलं. तेव्हा ओरखडे नव्हते."

मामा हातातल्या टॉवेलकडे बघत राहिला. कोरा टॉवेल, खळीनं कडक. माझी आई टॉवेलच्या कारखान्यात काठ शिवते आणि दर भाऊबीजेला त्याला गठ्ठाभर टॉवेल देते. बहिणीनं कोरं दिलं तर कोरंच वापरायचं. आधी धुवायचं म्हणजे तिच्या कामाला नावं ठेवणं, असा त्याचा हिशेब.

"गप," तो हळूच म्हणाला. "अक्काला बोलू नगंस."

दोरीवर त्याचा विरलेला बनियन वाळत होता. त्यानं गाडी पुन्हा पॉलिश केली, तो बनियन ओढून अलगद पुसली आणि उन्हात काढली. एकही ओरखडा नाही! वकिलांचा फेटा बॉनेटमध्ये लख्ख दिसत होता. मी टाळ्या पिटल्या, मामानं तर शिट्टीच मारली.

संध्याकाळी आई भाकरी घेऊन आली. "आज तरी नीट चालली का रं मशीन?"

"कशाची चालतीया, अक्का! लई आडमुठी."

"आन् टॉवेल? बरं हाईत न्हवं?"

"व्हय की. त्यांच्यावर तर दुकान चाललंय."

दिवसभर शिलाईवर वाकलेली आई एकदम ताठ बसली. "मग औंदा जास्ती आणते की!"

मामानं मान खाली घालून भाकरी मोडली.