तिसऱ्या आवृत्तीतून गळालेलं वाक्य

समजा, हे काम तुम्हाला दिलं आहे. चारशे वर्षांपूर्वी एका इंग्रज वैद्याने उदासीवर नऊशे पानांचा ग्रंथ लिहिला. उदास माणसाला नऊशे पानं वाचायला लावणं हाही उपचारच असेल. वैद्याच्या हयातीत ग्रंथाच्या चार आवृत्त्या निघाल्या. तुम्ही चारही आवृत्त्यांच्या पानांचे फोटो शेजारी ठेवायचे आणि कुठे शब्द बदलला, कुठे स्वल्पविराम हलला, ते नोंदवायचं. रोज आठ तास. मजकूर मात्र समजून घ्यायचा नाही, कारण कंपनीच्या मते समजणारा माणूस चुका करतो.

भंडाऱ्याजवळच्या वरठीची प्रतिक्षा मेश्राम घरी बसून हेच करते. परदेशातले विद्वान ग्रंथाचं संपादन करतात. डोळे फोडायचा भाग एका कंपनीमार्फत वरठीला येतो. पण ही गोष्ट तिच्या वडिलांची, भैय्यालाल यांची.

भैय्यालाल भंडाऱ्याच्या एका छापखान्यात एकतीस वर्षं जुळारी होते. शिशाच्या अक्षराचा एकेक खिळा उचलून ओळ जुळवायची. लग्नपत्रिका, बुद्ध जयंतीची पत्रकं, निवडणुकीची आश्वासनं. आश्वासनांचे खिळे सगळ्यात आधी झिजायचे. पुढे कॉम्प्युटर आला, खिळे भंगारात गेले आणि भैय्यालालना शाल मिळाली. तेव्हापासून ते अंगणात खुर्ची टाकून बसतात. कोणी विचारलं तर आराम सुरू आहे म्हणतात. चौदा वर्षं सुरू आहे. घरात त्याला कोणी उदासी म्हणत नाही; त्यासाठी ग्रंथात नाव यावं लागतं.

यंदा मार्चमध्ये प्रतिक्षाला दिसलं, की दुसऱ्या आवृत्तीतलं एक वाक्य तिसरीपासून गायब आहे: ‘ज्याच्या हातचं काम गेलं, त्याच्या उदासीवर माझ्याकडे औषध नाही.’ मुख्य संपादकांना ते आधीच माहीत होतं. त्यांनी त्यावर चाळीस पानी निबंधही लिहिला होता. वैद्याला उतारवयात औषध सापडलं, म्हणून त्याने प्रामाणिकपणे वाक्य खोडलं, असा शोध होता. औषध कोणतं, ते चाळीस पानांत मावलं नसावं.

प्रतिक्षाने तिसऱ्या आवृत्तीतलं ते पान आणि त्यापुढचं पान वडिलांना मोबाईलवर दाखवलं. इंग्रजी त्यांना येत नाही. त्यांनी मोबाईल उलटा धरला, कारण जुळारी अक्षरं उलटीच बघतो, आणि बराच वेळ पाहत राहिले.

“हे पान कोंबलं हाये, पोरी. शब्दायच्या मधात जागाच नाई. अन् पुढचं पाह्य, कसं मोकळं पसरलं. पानं काई ओळीनं छापत नाई; पुढचं आधीच छापून झालं असन. मजकूर मावला नाई, मंग काढली एक ओळ.”

“लेखकानंच काढली असन तर?”

“ओळ मावत नाई, हे लेखकाले का मालूम?”

तिने हे लिहून पाठवलं. समजून घेतल्याबद्दल कंपनीने आधी समज दिली, मग पत्र पुढे धाडलं. संपादकांनी हे ओळखणाऱ्याचं शिक्षण विचारलं. तिने लिहिलं, एकतीस वर्षं. महिन्याभराने उत्तर आलं: मुद्दा रोचक आहे, मात्र लेखकाची संमती नव्हती असा पुरावा मिळेपर्यंत वाक्य मूळ मजकुरात घेता येणार नाही. तळटिपेत ठेवू.

भैय्यालालनी ते वाक्य मराठीत दोनदा वाचून घेतलं. मग खुर्ची उचलून तिच्या टेबलाजवळ आणली.

“तळटीप कोण वाचते? ते वर पाह्यजे.”

आता रोज ते तिच्याकडून आजूबाजूची पानं उघडून घेतात आणि शब्दांमधल्या जागा तपासतात. निबंध खरा ठरो की खोटा, त्यांना देणंघेणं नाही. त्यांच्या छापखान्यात गिऱ्हाईक समोर बसलं असेल तर ओळ काढायच्या आधी विचारत. नसेल तर काढत आणि गप्प राहत. म्हणून त्यांनी संपादकांना एकच गोष्ट विचारायला सांगितली आहे. दोनदा मेल गेला, उत्तर नाही. प्रतिक्षा लॅपटॉप उघडते आणि ते पुन्हा विचारतात:

“हे पान जुळवलं त्या दिवशी तो वैद्य छापखान्यात बसला होता का नव्हता?”