अंडी गेली तरी बसून राहिलेली टिटवी

मैत्रिणींनो, आज कामात लक्षच लागलं नाही.

चाकणला आमच्या कंपनीच्या पार्किंगमध्ये टिटवीनं खडीवर अंडी घातली होती. आम्ही भोवती विटाही लावल्या होत्या. तरी सकाळी रिव्हर्स येणाऱ्या ट्रकखाली अंडी चिरडली गेली.

जेवणाच्या सुट्टीत पाहिलं, तर टिटवी त्याच रिकाम्या जागी बसलेली. गेटवरचे शेखचाचा म्हणाले, "बेटा, सकाळपासून हटली नाही."

तळेगावला प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या धाकट्या बहिणीला फोन केला. ती म्हणाली, "ताई, उबवताना पक्ष्यांच्या अंगात प्रोलॅक्टिन वाढलेलं असतं. आईला दूध येतं ना, तेच हार्मोन. अंडी गेली तरी ते लगेच उतरत नाही."

एवढं बोलून तिनं घाईनं विषय बदलला.

गेल्या वर्षी माझं बाळ जन्मतःच गेलं. रिकाम्या हातानं घरी आले आणि मला पान्हा फुटला. नळ सोडून बाथरूममध्ये रडायचे. सगळे म्हणायचे, "विसर आता."

शिफ्ट सुटल्यावर टिटवीपासून थोडी लांब जाऊन बसले. ती माझ्यावर ओरडली, पण जागची उठली नाही.

तुमच्यापैकी कुणाला बाळ गेल्यावर दूध आलं होतं का? तेव्हा कुणाशी बोललात?